आखाड्यावरचा (शेतातल्या वस्तीवरचा) प्रथमोपचार: दवाखाना गाठेपर्यंत काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

साप चावला की पायाला दोरी आवळायची. फवारणीचं औषध पोटात गेलं की मिठाचं पाणी पाजायचं. ऊन लागलं की आधी गाडी शोधायची. मराठवाड्यातल्या शिवारात आजही बहुतेक ठिकाणी हेच होतं, आणि तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. माणसं निष्काळजी असतात असं नाही, उलट प्रत्येक जण जिवाच्या आकांतानं धावत असतो. पण शेवटी करायचं ते आधी होतं, मुळीच करायचं नाही ते सगळ्यात जोरात होतं आणि पहिलं काम राहूनच जातं.

इथे शेतातले आणि वस्तीवरचे अपघात घेतले आहेत. साप आणि फवारणीची विषबाधा यांवर जास्त लिहिलं आहे, कारण या दोन ठिकाणी घरच्यांच्या हातून सर्वांत जास्त नुकसान होतं.

## टप्पा १: तयारी मृगाच्या आधी

१. पेटी. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या आणि आखाड्यावर हाताला येईल अशा ठिकाणी टांगा. कुलूप लावू नका. त्यात हे हवं:

- १० सेंटिमीटर रुंदीच्या लवचिक पट्ट्या (क्रेप बँडेज) ३
- जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे उकळून, उन्हात वाळवून पिशवीत बांधलेले तुकडे ५-६
- अंगाच्या साबणाची नवी वडी
- ओआरएसची पाकिटं ४ (मुदत बघून)
- रबरी हातमोजे, नसतील तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या
- कापड कापता येईल अशी कात्री, बॅटरी, न पुसणारा मार्कर पेन
- हातभर लांबीच्या दोन सपाट लाकडी पट्ट्या

फवारणीच्या दिवशी यात स्वच्छ पाण्याचा २० लिटरचा कॅन वाढवा. हे पाणी औषध कालवायला वापरायचं नाही. ते फक्त अंग आणि डोळे धुण्यासाठी राखून ठेवायचं.

२. दवाखान्याची चौकशी. हे काम बहुतेक कुणी करत नाही. जून लागायच्या आधी एकदा दिवसाउजेडी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन तीन गोष्टी विचारून या: सर्पदंशाची लस आहे का, रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का आणि कृत्रिम श्वासाचं यंत्र कुठे आहे. यंत्र बहुधा जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात मिळेल. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेडची शासकीय महाविद्यालयं यांपैकी तुमच्या गावाहून रात्रीच्या रस्त्यानं लवकर गाठता येईल ते कोणतं, हे आधीच ठरवून ठेवा.

३. भिंतीवर ठळक अक्षरांत लिहा: १०८ (रुग्णवाहिका), ११२ (पोलीस व आपत्कालीन मदत), १९१२ (महावितरण), आशाताईंचा नंबर, गावात चारचाकी असलेल्या दोघांचे नंबर.

४. पत्ता. १०८ ला गट नंबर सांगून उपयोग नाही. तालुका, गाव, कोणत्या फाट्यावरून आत वळायचं, तिथली ठळक खूण (मंदिर, पाण्याची टाकी, डीपी) आणि आत किती किलोमीटर, हे पाठ असलं पाहिजे. घरातल्या दहा वर्षांच्या पोरालाही सांगता यावं.

सावधान: पावसात काळ्या रानातून रुग्णवाहिका आत येत नाही. डांबरी रस्त्यावर भेटायची जागा फोनवरच ठरवा. तोवर रुग्णाला बाजेवर निजवून चौघांनी किंवा बैलगाडीतून रस्त्यापर्यंत आणा.

## टप्पा २: पहिली दोन मिनिटं, अपघात कोणताही असो

१. धोका संपला का ते बघा. तार अंगावर पडलेली, यंत्र चालू, साप अजून जवळ, विहिरीत वायू. यातलं काही असेल तर धावत जाऊ नका. एकामागून एक वाचवायला उतरलेल्यांचेच जीव जास्त जातात, विशेषतः जुन्या आडात आणि बंद हौदात. अशा ठिकाणी दोरीशिवाय आणि बाहेर माणसं असल्याशिवाय उतरायचंच नाही. तळाशी गेल्यावर गुदमरायला लागतं तेव्हा वर यायची ताकद उरलेली नसते. कंदील सोडून बघितला आणि तो विझला नाही, तरी विषारी वायू नाही असं ठरत नाही.

२. दोन्ही खांदे हलवून मोठ्यानं हाक मारा.

३. श्वास बघा. छाती वर-खाली होते का, ते १० सेकंदांपर्यंत. मधूनच मासळीसारखं तोंड उघडून 'घर्र' असा आचका येत असेल तर तो श्वास नव्हे. तिथे श्वास थांबलाय असंच धरायचं.

४. फोन. बोट दाखवून एकाच माणसाला सांगा: "तू १०८ लाव आणि काय म्हणतात ते मला सांग." सगळ्यांना मिळून सांगितलं तर फोन कुणीच लावत नाही.

५. बेशुद्ध आहे पण श्वास नीट चालू आहे, तर डाव्या कुशीवर वळवा. वरचा गुडघा वाकवून पुढे टेकवा, हनुवटी थोडी वर करा, तोंड जमिनीकडे झुकू द्या. उलटी बाहेर पडली पाहिजे, घशात जाता कामा नये.

सावधान: बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, चहा, साखर काहीही घालू नका. फेपरं आलेल्याच्या दातात चमचा कोंबू नका आणि नाकाला कांदा-चप्पल लावत बसू नका. भोवतालच्या टणक वस्तू बाजूला करा, झटके थांबले की कुशीवर घ्या. झटके ५ मिनिटांपेक्षा जास्त चालले तर १०८.

## टप्पा ३: श्वास थांबला असेल तर

१. रुग्णाला बाजेवरून किंवा गादीवरून खाली, टणक जमिनीवर उताणं घ्या. बाजेवर दिलेला दाब दोरीतच जिरतो. छाती दबत नाही.

२. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळव्याची टाच ठेवा, त्यावर दुसरा हात. कोपर ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर.

३. ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे ३० दाब १५ ते १८ सेकंदांत.

४. तोंडानं श्वास देता येत असेल तर ३० दाबांनंतर २ श्वास. येत नसेल तर नुसते दाब देत राहा, तेवढ्यानंही फरक पडतो.

५. दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदला. दमलेल्याचे हात कधी वरवर चालायला लागतात, ते त्यालाही कळत नाही.

शेततळ्यात किंवा विहिरीत बुडालेल्याला मात्र श्वासाशिवाय चालत नाही. आधी २ श्वास द्या, मग दाब सुरू करा. पोट दाबून किंवा उलटं टांगून पाणी काढायला जाऊ नका. त्यानं फुप्फुसातलं पाणी फारसं निघत नाही, पोटातलं अन्न मात्र घशात येतं. शेततळ्याच्या प्लास्टिकवर पाय धरत नाही, म्हणून पोहता येणाऱ्यानंही उडी घेऊ नये. काठावरून दोरी, ट्यूब किंवा लांब बांबू द्या. शेततळ्याला कायमची गाठी मारलेली दोरी बांधून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

## टप्पा ४: कोयता, कडबाकुट्टी, मळणीयंत्र

१. आधी यंत्र बंद. हात अडकला असेल तर ओढू नका आणि चाक उलटं फिरवू नका. ट्रॅक्टरवर चालणारं यंत्र असेल तर ट्रॅक्टरच बंद करा, चावी काढून खिशात घाला. मग पाती खोलून हात सोडवा.

२. थेट दाब. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळव्यानं घट्ट दाबा. घड्याळ लावून १० मिनिटं. मध्ये उचलून बघायचं नाही, कारण प्रत्येक वेळी बघताना नुकतीच धरलेली गुठळी निघते.

३. कापड भिजलं तर ते न काढता त्यावर दुसरी घडी ठेवून आणखी जोरात दाबा. मग क्रेप पट्टी बांधा.

४. रक्ताची चिळकांडी उडत असेल आणि दाबानं थांबत नसेल, तरच हाता-पायाला आवळपट्टी. जखमेच्या वर चार बोटं, सांध्यावर नको, पट्टी किमान चार सेंटिमीटर रुंद. सुतळी किंवा तार वापरू नका. काठी घालून रक्त थांबेपर्यंत पीळ द्या, कपाळावर किंवा हातावर मार्करनं वेळ लिहा आणि दवाखान्यापर्यंत सैल करू नका.

५. तुटलेलं बोट: ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फात टाकलं तर ते गोठून मरतं आणि मग जोडता येत नाही.

सावधान: हळद, तंबाखू, बिडीची राख, डिझेल जखमेत भरू नका. घुसलेली सळई किंवा विळ्याचं टोक उपसू नका, आजूबाजूला कापड लावून ते स्थिर करा. आत शिरलेली वस्तूच बहुतेक वेळा रक्त थोपवून धरत असते.

तपासा: धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, हे डॉक्टरांना सांगा.

## टप्पा ५: सर्पदंश

महाराष्ट्रात जीव घेणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सरकारी दवाखान्यातली लस या चौघांवरही चालते. म्हणून साप मारून नेण्याची, पकडण्याची किंवा त्याच्यामागे धावण्याची गरज नाही. त्यात अर्धा तास जातो आणि कधी दुसऱ्यालाही चावा बसतो. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी उपचार अडत नाही. डॉक्टर लक्षणांवरून आणि रक्त तपासून ठरवतात: काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि ते गोठतं का बघायचं.

१. रुग्णाला बसवा किंवा निजवा. एक पाऊलही चालू देऊ नका. पायाचे स्नायू हलले की विष लवकर पसरतं. आवाज चढवू नका, रडारड करणाऱ्यांना बाजूला करा. भीतीनंही ठोके वाढतात.

२. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, घड्याळ, काळा दोरा लगेच काढा. सूज चढल्यावर ते निघत नाहीत आणि बोट सडवतात.

३. मोडलेल्या हाडाला बांधतात तसं बांधा. पायाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या लावून क्रेप पट्टीनं सैलसर गुंडाळा, एक बोट आत गेलं पाहिजे. हात असेल तर झोळीत घ्या. हालचाल थांबवायची आहे, रक्तपुरवठा नव्हे.

४. वेळ लिहा. चावल्याची वेळ, आणि सूज जिथपर्यंत आली तिथे मार्करनं रेघ मारून शेजारी वेळ. वाटेत सूज पुढे सरकली तर नवी रेघ. डॉक्टरांना लसीचा निर्णय घ्यायला ही रेघ मोलाची ठरते.

५. निघा. १०८ ला उशीर होणार असेल तर मोटारसायकलही चालते. एक जण गाडी चालवेल, रुग्ण मध्ये, मागून दुसऱ्यानं धरून बसायचं. रुग्णाला गाडी चालवू द्यायची नाही.

आता काय करायचं नाही. दोरी आवळायची नाही: घोणस आणि फुरशाचं विष मांस कुजवतं, ते एका जागी कोंडलं की पाय वाचवणं अवघड होतं. ब्लेडनं चिरायचं नाही, कारण याच सापांच्या विषानं रक्त गोठणं बंद होतं आणि तो चिरा वाहतच राहतो. चोखायचं नाही, धुवायचं आणि चोळायचं नाही, बर्फ लावायचा नाही, कोंबडी लावायची नाही. दारू, ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन द्यायचं नाही.

सावधान: कुणी आधीच दोरी घट्ट आवळून ठेवली असेल तर ती घरी फटकन सोडू नका. अडकलेलं विष एकदम अंगात जातं. तशीच दवाखान्यात न्या, तिथे लस तयार ठेवून डॉक्टर सोडतील.

मांत्रिकाकडे जाण्याचा प्रश्न इथे टाळता येणार नाही. बरेचसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडताच चावतो. असे रुग्ण लिंबाच्या पाल्यानंही बरे होतात आणि काहीही न करताही. त्यामुळे 'अमक्याला तिथे गुण आला' हे खरं असतं आणि तरीही निरुपयोगी असतं. घरच्यांना मंदिरात नारळ फोडायचा असेल तर एकानं तिकडे जावं. रुग्णानं दवाखान्याकडेच निघावं.

मण्यार वेगळी ओळखा. ती रात्री चावते, बहुधा जमिनीवर झोपलेल्याला. दुखत नाही, सूज नाही, खूण दिसत नाही. पहाटे माणूस पोट दुखतंय म्हणून उठतो, उलटी होते, घसा दाटतो, पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं. घरचे अपचन समजून ओवा देतात आणि उजाडायची वाट बघतात. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला, विशेषतः लेकराला, पहाटे पोटदुखीबरोबर पापण्या जड वाटल्या तर तो सर्पदंशच समजा आणि निघा.

या विषानं श्वासाचे स्नायू लुळे पडतात, पण हृदय चालू असतं आणि माणूस ऐकत असतो. डोळा उघडत नाही, बोट हलत नाही म्हणून 'गेला' असं समजून गाडी परत फिरवू नका. वाटेत श्वास थांबला तर तोंडानं श्वास देत राहा, दवाखान्यापर्यंत. कृत्रिम श्वासावर ठेवलेली अशी माणसं पूर्ण बरी होऊन घरी येतात.

तपासा: लक्षण एकही नसलं तरी २४ तास दवाखान्यात देखरेखीखाली राहायचं. लेकरालाही मोठ्या माणसाएवढीच लस लागते, कारण सापानं सोडलेलं विष तेवढंच असतं. 'एवढ्या बाटल्या कशाला' म्हणून अडवू नका, सुरुवातीलाच दहाएक बाटल्या लागतात.

विंचू. मोठ्या काळ्यापेक्षा लहान तांबडा विंचू घातक. नुसती आग होत असेल तर थंड पाण्याची पट्टी आणि पॅरासिटामॉल पुरतं. पण दरदरून घाम, हातपाय गार, उलट्या, लाळ, छातीत धडधड, मुलाचं लिंग ताठणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना. प्राझोसिन नावाची साधी गोळी डॉक्टर देतात आणि ती वेळेवर मिळणं महत्त्वाचं. लेकराला विंचू चावला तर लक्षणांची वाट न बघता न्यायचं.

## टप्पा ६: फवारणीची विषबाधा

औषध अंगावर सांडतं, पाठीवरचा पंप गळतो, वारं फिरलेलं असतं, कापूस डोक्याएवढा वाढलेला असतो. दोन तासांनी डोकं जड, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी. 'उन्हानं झालं असेल' म्हणून माणूस बांधावर बसतो आणि ओला सदरा अंगातच राहतो. विष कातडीतून आत जातच असतं.

ऑरगॅनोफॉस्फेट गटाची (प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस वगैरे) खूण ठळक असते: तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, खूप घाम, जुलाब, स्नायू फडफडणं आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक.

१. फवारलेल्या पिकातून बाहेर, वारा जिकडून येतो त्या बाजूला आणा.

२. मदत करणाऱ्यानं आधी हातमोजे किंवा पिशव्या चढवाव्यात.

३. सगळे कपडे काढा, चप्पल आणि करदोडासुद्धा. सदरा डोक्यावरून ओढू नका, तोंडाला औषध लागतं. समोरून कापा. कपडे पिशवीत बांधून शेतातच ठेवा, गाडीत नको.

४. साबण आणि भरपूर पाणी, १५ मिनिटं. केस, कानामागे, काखा, बेंबी, जांघा, नखांखाली. घासू नका, कातडी सोलली तर विष आणखी शिरतं. लाजेपायी ही पायरी अर्धवट सोडली जाते. आडोशाला चादर धरा, पण धुणं पूर्ण करा.

५. डोळ्यात गेलं असेल तर पापणी उघडी धरून नाकाकडून कानाकडे साध्या पाण्याची धार, १५ मिनिटं.

६. डाव्या कुशीवर निजवून दवाखान्याकडे. औषधाची बाटली किंवा लेबल बरोबर घ्या. लेबलवर घटकाचं नाव आणि उताऱ्याचं औषध लिहिलेलं असतं. बाटली सापडत नसेल तर लेबलचा फोटो किंवा दुकानाची पावती. रंगाचा त्रिकोण लाल असेल तर औषध सर्वांत जहाल.

औषध पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी, दूध, ताक, लिंबू, कच्चं अंडं काही देऊ नका. बऱ्याच औषधांत रॉकेलसारखं द्रावक असतं. उलटी होताना त्याचा थोडासा अंश फुप्फुसात गेला तरी न्यूमोनिया होतो. मिठाच्या पाण्यानं रक्तातलं मीठ वाढून तेच जिवावर बेततं. तोंडानं श्वासही देऊ नका, तो देणाऱ्याला बाधतो. इथे नुसते छातीचे दाब.

सावधान: पॅराक्वाट हे तणनाशक फसवतं. घोटभर गेल्यावर तोंडात फोड येतात, माणूस दोन दिवस बोलत-चालत असतो, मग मूत्रपिंडं आणि फुप्फुसं निकामी होतात. 'बरा दिसतोय' म्हणून घरी थांबवू नका.

कुणी जाणूनबुजून प्यायलं असेल तर पोलीस केसच्या धाकानं नाव लपवलं जातं: 'चुकून सांडलं', 'उन्हानं चक्कर आली'. डॉक्टर मग उन्हाचा उपचार करतात आणि उताऱ्याची वेळ निघून जाते. खरं सांगा, औषधाचं नाव सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षेचा धोका नाही. त्या वेळी कुणीही त्याला बोल लावू नका. नंतर आधारासाठी १४४१६ हा टेली मानसचा मोफत नंबर आहे.

तपासा: ऑरगॅनोफॉस्फेटचा रुग्ण सुधारल्यावरही एक ते चार दिवसांत मान उचलता न येणं आणि श्वास कमी पडणं सुरू होऊ शकतं. म्हणून डॉक्टर सोडतील तेव्हाच घरी.

## टप्पा ७: उष्माघात

एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि त्याच दिवसांत रोहयोची कामं, लग्नसराई, पाण्यासाठीच्या रांगा असतात. नुसता थकवा, गोळे, घाम आणि शुद्ध साबूत असेल तर सावली आणि ओआरएस. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

पण माणूस बरळायला लागला, ओळख विसरला, झोकांड्या खाऊ लागला की तो उष्माघात. अंग कोरडंच असतं असं नाही, घामानं भिजलेल्यालाही होतो. इथे गाडीआधी पाणी.

१. सावलीत आणा, कपडे कमी करा, एकानं १०८ लावा.

२. सर्वांगावर पाणी ओता, थांबू नका. पाण्याची टंचाई असेल तर ओली चादर गुंडाळा, वारा घाला, चादर सुकली की पुन्हा भिजवा.

३. जनावरांचा हौद भरलेला असेल तर मानेपर्यंत त्यात बसवा, पण दोघांनी काखेत धरून, डोकं वर. यासारखा लवकर गार करणारा दुसरा उपाय नाही.

४. बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघा.

५. भान येईपर्यंत किंवा अंग थरथरेपर्यंत चालू ठेवा, गाडीतही.

पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, हा तापाचा ताप नव्हे. तळपायाला कांद्याचा रस चोळण्यात पहिली दहा मिनिटं जातात आणि तीच दहा मिनिटं अंग गार करायची असतात. भान हरपलेल्याला पाणी पाजू नका.

## टप्पा ८: शॉक आणि वीज पडणं

रात्रीच्या थ्री-फेजला मोटार चालू करायला अनवाणी, ओल्या हातानं पेटीला हात लागतो. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेला करंट त्याहून वाईट.

१. चिकटलेल्याला हात लावू नका. आधी मेन स्विच किंवा फ्यूज काढा.

२. घरगुती किंवा मोटारीची लाइन असेल आणि स्विच सापडत नसेल, तरच कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं तार बाजूला करा.

३. ११ केव्हीची तार पडली असेल तर १० मीटरच्या आत जायचंच नाही, लाकूड घेऊनही नाही. १९१२ ला फोन करून लाइन बंद करवा. आत सापडलाच असाल तर लांब टांगा न टाकता पाय जोडून, घासत बाहेर या.

४. सुटल्यावर श्वास नसेल तर टप्पा ३.

शॉक लागून उठून बसला, हसला, तरी त्याच दिवशी दवाखान्यात ईसीजी काढा. ठोक्यांची गडबड नंतरही होते.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही. त्याला लगेच हात लावा. श्वास नसेल तर दाब सुरू करा. त्याला शेणात किंवा चिखलात पुरून ठेवण्यात त्याचा जीव जातो. ढग गडगडताना झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडखाली किंवा तारेच्या कुंपणाजवळ थांबू नका. 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं.

## टप्पा ९: भाजणं आणि कुत्रा

भाजल्यावर साधं थंड पाणी २० मिनिटं. नळ नसेल तर घागरीतून तांब्या-तांब्यानं ओता, खाली टब ठेवून तेच स्वच्छ पाणी पुन्हा वापरा. टूथपेस्ट, शाई, बर्फ, तूप नको. चिकटलेलं कापड ओढू नका, फोड फोडू नका.

कुत्रा चावला किंवा नुसतं ओरखडलं तरी साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. मिरची-चुना भरू नका, पट्टी आवळू नका. त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन घ्या आणि सगळे डोस पूर्ण करा. रक्त आलं असेल तर जखमेभोवती द्यायचं सिरमही मागा. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजला जवळजवळ इलाज नाही, म्हणून 'गावातलाच कुत्रा आहे' या भरवशावर थांबू नका.

## टप्पा १०: दवाखान्यात काय सांगायचं

गर्दीत पाच जण पाच गोष्टी सांगतात. एकाच माणसानं, याच क्रमानं सांगावं: काय झालं, किती वाजता झालं, तेव्हापासून काय बदललं, घरी काय-काय केलं (दोरी, जडीबुटी, मिठाचं पाणी, काहीही लपवू नका), आधीचे आजार आणि चालू गोळ्या, बाई असेल तर गरोदर आहे का.

पुढे पाठवायचं ठरलं तर निघण्याआधी विचारा: लसीचा पहिला डोस इथेच सुरू झाला का? वाटेत श्वासाला आधार देणारं कोण आहे? पुढच्या दवाखान्याला फोन गेला का? तिन्ही उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्या. लस न देताच पुढे पाठवलं तर वाटेतल्या तासाभरात पापण्या मिटलेला रुग्ण श्वास सोडू शकतो.

सर्पदंशाचा रुग्ण घरी आल्यावर पुढचे काही दिवस लघवी बघत राहा. कमी झाली, लाल झाली, हिरड्यांतून रक्त आलं किंवा चेहरा सुजला तर त्याच रात्री परत न्या.